राक्याच्या गळ्यातलं लोढणं

गोजरबाईला माणसांपेक्षा कुत्री जास्त कळतात, असं वस्तीवर सगळे म्हणायचे. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, हे ऐकणाऱ्यानं ठरवावं. सून रेश्मा तर एकदा तोंडावर म्हणाली होती, "आत्या, त्या कुत्र्यांशी बोलता तेवढं गोड माज्याशी कवा बोलला न्हाईत." त्यावर गोजरबाईनं चुलीतलं लाकूड मागं ओढत सांगितलं, "तू अजून मला चावली न्हाईस ना, म्हनून." रेश्मा हसली, आणि मग दिवसभर विचार करत राहिली की आपण हसलो ते बरोबर की चूक.

कर्जत तालुक्यात, मिरजगावच्या अलीकडं माळावर धनगरांची पाच-सहा घरं आहेत. त्यातलं शेवटचं, पत्र्याचं, गोजरबाईचं. वय पासष्टच्या पुढं. उजव्या हाताचा अंगठा पेरातून तुटलेला. बाई लग्न होऊन आली त्याच वर्षी एका कुत्र्यानं तो तोडला होता. कुणी विचारलं तर ती कुत्र्याला कधीच दोष द्यायची नाही. "त्याची काय चूक? ते खात हुतं, मीच घाई केली." तेव्हापासून घाई हा शब्द त्या घरात शिवीसारखा झाला. भाकरी घाईनं थापायची नाही, मेंढरं घाईनं हाकायची नाहीत, आणि नवं कुत्रं जुन्या कुत्र्यांत घाईनं सोडायचं तर मुळीच नाही.

हे नवं कुत्रं जुन्यांत घालणं, हीच तिची विद्या. शाळेचं तोंड न पाहिलेल्या या बाईकडं राशीनपासून, पार श्रीगोंद्यापासून लोक मोटरसायकलवर पोतडीत पिल्लं घालून आणायचे. कुणाचं पिल्लू कळपातल्या कुत्र्यांवर धावून जाई, कुणाचं शेपूट पोटाखाली घालून मेंढरांत लपे. गोजरबाई ठेवून घ्यायची आणि महिन्या-दीड महिन्यानं परत द्यायची. बदल्यात काही मागितलं नाही. कुणी साडीचोळी केली तर नेसली, नाही केली तर त्या माणसाचं नाव विसरली आणि कुत्र्याचं लक्षात ठेवलं.

त्या उन्हाळ्यात तिच्याच कळपाचा म्होरक्या कुत्रा हमरस्त्यावर ट्रकखाली गेला. मागं उरली दोन. भुरी नावाची कुत्री, जिचा एक सुळा मोडलेला, आणि तांब्या, जो तिच्याच वयाचा पण अकलेनं निम्मा. मेंढरं एकशे चाळीस. दिवाळी झाली की ही मंडळी बिऱ्हाड घोड्यावर टाकून घाटाखाली चालायला लागतात, चार-पाच महिने रोज नवा मुक्काम. दोन म्हाताऱ्या कुत्र्यांच्या भरवशावर ती वाट धरणं म्हणजे लांडग्यांना जेवायला बोलावणं.

मुलगा गोरक्ष पस्तिशीचा, शांत, मोजकं बोलणारा. त्यानं पावसाळा सरता सरता एका सकाळी आईसमोर बसून सांगितलं, "आये, दिवाळीपतोर तिसरं कुत्रं उभं राहिलं तर खाली जाऊ. न्हाई राहिलं तर मेंढरं इकून काढतो. सुप्याला कंपनीत मानसं घेत्यात. मी इचारून ठेवलंय."

गोजरबाईचा जन्म मेंढरांच्या पाठीमागं झाला होता, खरोखरच, खोपोलीच्या वाटेवर एका बांधाच्या आडोशाला. मेंढरं नसलेलं घर कसं असतं, हे तिला ठाऊक नव्हतं आणि करून घ्यायचंही नव्हतं. मेंढरं गेली तर आपण या पत्र्याखाली बसून काय करायचं, ह्या विचारानं तिला तीन रात्री झोप आली नाही.

चौथ्या दिवशी कर्जत गावातल्या एका मास्तरांकडून कुत्रं आलं. बाप कारवानी जातीचा शिकारी कुत्रा, आई कुठली कुणास ठाऊक. उंच, लांब पायांचं, दहा महिन्यांचं. मास्तरांची बदली झाली होती. त्यांनी त्याला दूध-पोळी घालून लाडानं वाढवलं होतं, पण वाढवलं होतं गच्चीवर. दहा महिन्यांत त्याचा पाय एकदाही रस्त्याला लागला नव्हता. रस्त्यानं जाणारी कुत्री त्यानं फक्त वरून पाहिली होती आणि प्रत्येकावर भुंकून भुंकून घसा फोडला होता. नाव रॉकी. गोजरबाईच्या तोंडात त्याचं लगेच राक्या झालं.

राक्या टेम्पोतून उतरला, आणि आयुष्यात पहिल्यांदा जमिनीवरचं कुत्रं समोर दिसताच त्यानं तांब्याचा कान फाडला.

"हे परत नेऊन सोडतो," गोरक्ष म्हणाला.

"कुठं? गच्चीवर?" गोजरबाईनं विचारलं. "त्याला कुनी शिकवलंच न्हाई रं. ज्याला बोलता येत न्हाई ते वरडतंच." आणि ती आत जाऊन खुंटीवरचं लोढणं घेऊन आली.

ते लोढणं म्हणजे बाभळीचा हातभर ओंडका, दोरीनं गळ्यात अडकवायचा. कुत्रं चाललं तर तो पुढच्या पायांच्या मधे नुसता हलतो. पळायला गेलं की गुडघ्यांवर आपटतो. त्यामुळं कुत्र्याला दुसऱ्यावर धावून जाता येत नाही, आणि दुसऱ्यांना त्याच्यापासून सरकायला वेळ मिळतो. हे तिच्या नवऱ्यानं तासलं होतं. नवऱ्याचं नाव कल्याण, पण तो जाऊन बारा वर्षं झाली तरी ते तिच्या तोंडून कधी आलं नाही. ती "गोरक्षचा बाप" असंच म्हणायची.

आणि गोरक्षच्या बापाचा एक नेम होता. लोढणं घालायला कुठलाही वार चालतो, काढायचं मात्र रविवारीच. रविवार खंडोबाचा, आणि कुत्रं खंडोबाचं. कपाळाला भंडारा लावायचा, मग गाठ सोडायची. गोरक्ष पाळण्यात असताना त्याच्या चुलत्यानं एका कुत्र्याचं लोढणं बुधवारी काढलं होतं. दुसऱ्या दिवशी त्या कुत्र्यानं तीन कोकरं फाडली. गोरक्षचा बाप ते कुत्रं घेऊन ओढ्याकडं गेला आणि एकटाच परत आला. तेव्हापासून त्या घरात हा नेम कुणी मोडला नाही. ते कुत्रं रविवारी सोडलं असतं तर त्यानं कोकरं सोडली असती का, हे मात्र पस्तीस वर्षांत कुणी विचारलं नाही.

राक्याच्या गळ्यात लोढणं पडलं आणि वस्तीवर एक नवा आवाज सुरू झाला. ठक, ठक, ठक.

पहिले आठ दिवस गोजरबाईनं त्याला दोघांच्या जवळही जाऊ दिलं नाही. बांधाच्या एका अंगानं गोरक्ष भुरीला आणि तांब्याला घेऊन चालायचा, दुसऱ्या अंगानं चाळीस पावलांवर ती राक्याला घेऊन. तोंडं एकाच दिशेला. समोरासमोर आणली की कुत्र्यांना भांडायलाच आणल्यासारखं वाटतं, एका दिशेनं चालवली की कामाला निघाल्यासारखं वाटतं, असं तिचं म्हणणं. दोरी सैल. राक्या त्यांच्याकडं बघून ताठला की ती तोंडानं काही न बोलता उलटी वळायची आणि त्याला वळावं लागायचं. त्यानं नजर काढून घेतली की भाकरीचा तुकडा. आठ दिवसांत चाळीस पावलांची तीस झाली, मग वीस. संध्याकाळी ती भुरीच्या अंगाखालचं गोणपाट काढून राक्याला द्यायची आणि राक्याचं भुरीला. "वासाची वळख आदी होऊ दे. तोंडाची मागनं." रेश्माला हे सगळं सोयरीक जमवल्यासारखं वाटायचं, आणि तिनं तसं बोलूनही दाखवलं. "माज्या लग्नाला एवढी चौकशी कुनी केली न्हवती, आत्या."

तिसऱ्या आठवड्यात दोरी सोडली, लोढणं ठेवलं. राक्या सरळ भुरीच्या ताटलीकडं गेला. भुरीनं गुरगुरून सांगितलं. त्याला कळलं नाही. तिनं दात दाखवले. तेही कळलं नाही. मग त्या म्हातारीनं त्याला एका हिसक्यात आडवा पाडला आणि त्याचं मुस्कट आपल्या जबड्यात धरून वर उभी राहिली. रेश्मा किंचाळली. गोरक्षनं काठी उचलली. गोजरबाईनं त्याचं मनगट पकडलं.

"रगत निघालं का?"

"न्हाई, पन..."

"मग गप. ती मारत न्हाई, सांगतीय."

राक्या पोट वर करून पडून राहिला. दहा-अकरा महिन्यांच्या आयुष्यात त्याला पहिल्यांदाच कुणीतरी त्याच्या भाषेत काही सांगितलं होतं. भुरीनं सोडल्यावर तो उठला, अंग झटकलं, आणि कान मागं पाडून, मान खाली घालून तिच्या बाजूनं वळसा घेऊन गेला. गोजरबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. स्वतःची सासू गेली तेव्हाही ती इतकी रडली नव्हती, असं रेश्मानं नंतर सगळ्यांना सांगितलं.

त्यानंतर पोरगं भराभर शिकलं. पुढचे पाय पसरून, बूड वर करून तांब्याला खेळायला बोलवायला शिकलं. ज्याचा कान फाडला होता तोच तांब्या त्याला मान चावायला द्यायला लागला. मेंढरं चरताना भुरी ज्या बाजूला तोंड करून बसे, त्याच बाजूला तोही बसे. भुरी उठली की उठे. कशासाठी ते त्याला कळत नसे, पण उठे. लोढण्यानं त्याचे गुडघे सोलले होते. गोजरबाई रोज संध्याकाळी तेल-हळद लावायची आणि म्हणायची, "थोडं ऱ्हायलं, बाळा. लई थोडं."

दसरा झाला. दिवाळी पंधरा दिवसांवर आली. त्या गुरुवारी दुपारी भुरीनं आपल्या ताटलीतलं ताक राक्याला पिऊ दिलं, आणि मग बाभळीखाली त्याच्या पाठीवर मान टाकून झोपली. तांब्या त्यांच्या पायांत गोळा होऊन पडला. तीन कुत्र्यांचं एकच गाठोडं.

गोरक्ष लांबून बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी हसू आलं. "आये, झालं की गं. काढ आता ते."

"रविवारी."

"आज घेतलंय त्यांनी त्याला. तूच बघितलं."

"बघितलं. रविवारी काढू. भंडारा लावून."

शुक्रवारी सकाळी गोरक्षला ओढ्याच्या वाळूत लांडग्याची पावलं दिसली. वस्तीवरच्या भागवतची शेळी दोन दिवसांपूर्वी गेली होती, तिची आता फक्त घंटा सापडली. गोरक्ष घरी येऊन पुन्हा म्हणाला, "लांडगं फिरतंय. लोढन्यातलं कुत्रं म्हंजी लंगडं कुत्रं. आये, ऐक माजं."

"तीन कोकरं फाडली हुती त्यानं," गोजरबाई म्हणाली. "तू पाळन्यात हुतास. मी बघितलीत." गोरक्ष काठी उचलून मेंढरांकडं गेला. आईशी वाद घालायची त्याला सवय नव्हती, आणि कुत्र्यांच्या बाबतीत तर ती आजवर एकदाही चुकली नव्हती.

पण तिला स्वतःला चैन नव्हतं, हे सांगायलाच हवं. संध्याकाळी गुडघ्यांना हळद लावताना तिचा हात आपोआप त्याच्या गळ्यातल्या गाठीकडं गेला. राक्यानं मान पुढं केली. अंगठा नसल्यामुळं तिला गाठ सोडायला वेळ लागे, पण एक पीळ तिनं सोडलाही. मग तिला ती तीन कोकरं दिसली, आणि ओढ्याकडून एकटा परत येणारा नवरा दिसला. तिनं तो पीळ परत घट्ट केला. मधे एक शनिवार. एका दिवसात काय होतंय!

शनिवारी दिवस कलताना मेंढरं ओढ्यावर पाण्याला लागली होती. गोरक्ष वरच्या अंगाला, गोजरबाई खाली पलीकडं, कुत्री अलीकडच्या काठावर. भुरी उठली. तिच्यामागं राक्या उठला. ह्या वेळी कशासाठी ते त्यालाही कळलं असावं, कारण त्याच्या पाठीवरचे केस उभे राहिले.

बोरीच्या जाळीतून तीन लांडगे निघाले. त्यांना ना घाई, ना भीती. भुरी आणि तांब्या सुटले. राक्याही सुटला. दहा पावलांवर ओंडका गुडघ्यांवर आपटला आणि तो तोंडावर पडला. उठला, पळाला, पुन्हा पडला. ते ठक ठक गोजरबाईला ओढ्याच्या पलीकडून ऐकू येत होतं. तिसऱ्यांदा उठल्यावर त्यानं पळणं सोडून दिलं. मेंढरं आणि लांडगे यांच्या मधे, जिथं होता तिथंच, तो पाय रोवून उभा राहिला.

लांडग्यांना अडलेलं जनावर ओळखायला शिकवावं लागत नाही. एकानं भुरी-तांब्याला झुलवत लांब नेलं. दोघं राक्याकडं वळले. एक समोरून, एक मागून. समोरच्याला त्यानं धरलं, चांगला खांद्यात धरला आणि सोडला नाही. पण मागच्याकडं वळायला त्याला पाय मोकळे हवे होते, आणि पायांत ओंडका होता.

गोजरबाई पाण्यातून ओरडत धावली. आयुष्यात कधी नव्हे ती घाईनं धावली, दोनदा पडली. गोरक्षची गोफण सुटली, एक धोंडा बसला, दुसरा बसला, आणि लांडगे जसे आले तसे जाळीत निघून गेले. मेंढरू एकही गेलं नाही. एकशे चाळीसच्या एकशे चाळीस ओढ्यात एकमेकांना चिकटून उभी होती.

राक्याचं पोट उघडं पडलं होतं. गोजरबाईनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं. तो तिच्याकडं बघत नव्हता. भुरी परत आली, तिनं त्याला वरपासून खालपर्यंत हुंगलं, आणि शेजारी अंग टाकून ती त्याचे सोललेले गुडघे चाटायला लागली. राक्यानं तिच्यासाठी कान मागं पाडले. शिकवलं होतं तसे, नीट. थोड्या वेळानं ते तसेच राहिले.

गोजरबाई गाठ सोडायला लागली. रक्तानं दोरी चिंब झाली होती, आखडली होती, तुटक्या अंगठ्याला काही केल्या दाद देत नव्हती. गोरक्ष कमरेचा कोयता काढून उभा राहिला. त्यानं विचारलं, "आये, काढू का आता?"

त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. तो खरंच विचारत होता. आईचा नेम आहे, शनिवार आहे, उद्यापर्यंत थांबायचं असेल तर तो थांबलाही असता. त्यानं चार शिव्या दिल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं. तिनं मान हलवली आणि त्यानं दोरी कापली.

रविवारी सकाळी बाभळीखाली खड्डा खणला. गोजरबाईनं भंडाऱ्याची पिशवी आणली, चिमूट भरली, आणि हात तसाच धरून उभी राहिली. शेवटी रेश्मानंच तिच्या मुठीखाली हात धरून ती चिमूट खाली सोडायला लावली. भुरी दोन दिवस तिथून हलली नाही. तांब्याच्या मागच्या पायाला जबर चावा होता, तो पुढंही लंगडतच राहिला.

दिवाळीनंतर गोरक्षनं मेंढरं काढली. आईला त्यानं दोष दिला नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. टेम्पो तीन खेपा करून गेला. शेवटच्या खेपेला भुरी हमरस्त्यापर्यंत मागं धावली आणि संध्याकाळी वळून आली. जिथं मेंढरं कोंडायची जाळीची वाघर लावलेली असायची, त्या रिकाम्या गोलाच्या कडेला, माळाकडं तोंड करून ती बसली. अजूनही रोज तिथंच बसते. गोरक्ष सकाळी सुप्याच्या बसनं जातो.

पिल्लं घेऊन लोक अजून येतात. गोजरबाई त्यांना चहा पाजते आणि परत पाठवते. लोढणं मागितलं तर नाही म्हणत नाही, मोडलंय एवढंच सांगते. मोडलेलं नाही. ते पत्र्याच्या मागं पडून आहे, रेश्मानं पाहिलंय.

रविवारी मात्र ती न चुकता टेकडीवरच्या खंडोबाला जाते. परवा उतरताना रेश्मा सोबत होती. तिनं भीत भीत विचारलं, "आत्या, राग येत न्हाई का देवाचा? त्याच्या वारासाठी थांबला तुमी."

गोजरबाई पायरीवर थांबली. चपलेतला खडा काढला.

"त्याचा कशाचा राग?" ती म्हणाली. "त्यानं कवा सांगितलं हुतं मला, रविवारीच काढ म्हनून? आमीच म्हनत हुतो."

मग तिनं चप्पल घातली आणि ती खाली उतरायला लागली.